पन्नासच्या आत

आमच्या घरात काळजी करायची म्हणजे काहीतरी पेटवायचं, अशी पद्धत होती. मला सर्दी झाली की आई तव्यावर ओवा टाकायची आणि माझं डोकं धरून त्या धुरावर वाकवायची. अण्णांना ऑफिसात साहेब टाकून बोलला की त्या संध्याकाळी देवापुढे दोनाच्या जागी सहा उदबत्त्या लागायच्या. डासांसाठी कडुलिंबाचा पाला, पाहुणे गेल्यावर कापूर, अमावास्येला ऊद, माझ्या परीक्षेच्या सकाळी गुग्गुळ. त्यात भर आईच्या फोडणीची. तिची फोडणी पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू जायची, आणि आम्हाला सगळ्यांना एकेक शिंक आल्याशिवाय ती झाली असं आई मानत नसे. सिडकोतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत मुळात पांढरं होतं, हे मला रंगारी आल्यावर कळलं. आम्ही कुणी आजारी नव्हतो, निदान आम्हाला तसं वाटत नव्हतं. अण्णा रोज सकाळी वीस मिनिटं खोकायचे, पण तो दात घासण्याचाच भाग असतो असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

या घरात दादाची मुलगी यायची होती. दादा पुण्याला नोकरीला होता आणि वहिनी आमच्याजवळ राहायची. बाळंतपणाला ती माहेरी, देवळाली कॅम्पला गेली आणि दिवस भरायच्या आधीच बाळ झालं, एवढंसं. पंधरा-वीस दिवस ते काचेच्या पेटीत होतं. आईने नात पाहिली ती त्या काचेतून, तोंडाला पट्टी बांधून, दहा फुटांवरून. डॉक्टरांनी बजावलं होतं की छाती नाजूक आहे, धूर आणि धूळ अजिबात नको. पेटीतून बाळ सरळ देवळालीला गेलं. आईने तोवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा असे डबे भरून तयार ठेवले होते, कारण न्हाऊ घातल्यावर बाळाला धुरी द्यायची असते आणि आम्हा दोघांनाही तिने ती दिली होती. ते डबे तिने कुणाला न सांगता माळ्यावर टाकले. एकदा ती बाळाला भेटायला देवळालीला जाऊन आली. तिच्या साडीला धुपाचा वास येत होता म्हणून वहिनीच्या वडिलांनी तिला व्हरांड्यातच खुर्ची दिली, चहा दिला, आणि खिडकीतून बाळ दाखवलं. आईने घरी येऊन ती साडी भिजत टाकली. पण त्यानंतर ती टीव्ही बघायला बसली की मांडीवर घडी केलेली एक चादर घेऊन बसायची. तिला नात मांडीवर घ्यायची होती, बाकी काही नको होतं. ते तिने मला तोंडाने कधी सांगितलं नाही, पण आंधळ्यालाही दिसलं असतं.

वहिनीचे वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार. सगळे त्यांना सुभेदारच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. त्यांची सगळी नोकरी अंतर आणि वारा मोजण्यात गेली होती, त्यामुळे 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. एका रविवारी ते आमच्याकडे आले, चहाला नको म्हणाले, आणि खिशातून साबणाच्या वडीएवढं एक पांढरं यंत्र काढून टीपॉयवर ठेवलं. "हवेचं मीटर आहे," ते म्हणाले. "नंबर जितका कमी, हवा तितकी चांगली. पन्नासच्या आत हिरवा दिवा. शंभरच्या पुढे लाल. सुबह-शाम रीडिंग, फोटो काढून मला पाठवायचा. लागोपाठ सात दिवस पन्नासच्या आत आलं की मी स्वतः बेबीला घेऊन येतो." मी बारावीला विज्ञानाला होते, म्हणून यंत्र माझ्या हाती सोपवण्यात आलं. मला वाटलं, ही काय मोठी गोष्ट. त्या वयात मला सगळ्याच गोष्टी अशा वाटायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिलं रीडिंग घेतलं. अण्णांची पूजा नुकतीच आटोपली होती आणि आई पोह्यांना फोडणी देत होती. यंत्राने जरा विचार केला आणि चारशे बारा दाखवलं. आईने पदराला हात पुसत आकडा वाचला आणि तिचा चेहरा खुलला. "चारशे बारा! आणि त्यांना नुसते पन्नास हवे होते?" तिला उलटा हिशोब समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. समजल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने पोह्यांवर झाकण ठेवलं, जणू आता ते झाकून काही उपयोग होणार होता.

अण्णांनी सूत्रं हाती घेतली. त्यांचं म्हणणं, हवा बिघडली आहे ना, मग ती शुद्ध करू. त्यांनी गोवरीचा तुकडा, तूप, गुग्गुळ आणि कापूर असा बेत केला, दारं-खिडक्या लावून घेतल्या म्हणजे शुद्ध झालेली हवा बाहेर जायला नको, आणि अर्धा तास मांडी घालून समोर बसले. हॉलमध्ये मला अण्णा दिसेनासे झाले. यंत्र नऊशे नव्याण्णववर जाऊन थांबलं आणि किंचाळायला लागलं, कारण त्याच्या पुढचा आकडा त्याला येत नव्हता. "शुद्ध कशाला म्हणतात हे यंत्राला काय कळणार!" धुरातून अण्णांचा आवाज आला आणि मागोमाग खोकला. मी ते रीडिंग पाठवलं नाही, पण सुभेदारांचा फोन आलाच. रीडिंग न आल्याचंही त्यांच्याकडे एक रीडिंग असायचं.

मग दादाने पुण्याहून हवा शुद्ध करायचं मोठं यंत्र पाठवलं. माझ्या कमरेएवढं, पांढरं, गुळगुळीत, वर निळा दिवा. ते हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. एरवी ते हळू घोरायचं, पण आत तेल तापलं की त्याचा दिवा लाल व्हायचा आणि ते एकदम मोठ्याने गुरगुरायला लागायचं. आई दचकायची. पहिले दोन दिवस तिने सहन केलं, तिसऱ्या दिवशी ती त्याच्याशी बोलायला लागली. "हो, कळलं. कमी करते." तिची सासू जाऊन बारा वर्षं झाली होती आणि आता कुठे तिला स्वयंपाकघरात मोकळं वाटायला लागलं होतं, तर हे आलं. आता माझं वय त्या वेळच्या आईहून जास्त आहे आणि माझ्याही घरात असं यंत्र आहे. ते गुरगुरलं की मीही अजून नकळत गॅस बारीक करते.

शेवटी आईने फोडणीच सोडली. लोक उपास करतात, सिगारेट सोडतात, माझ्या आईने फोडणी सोडली. आमच्याकडे पांढरं वरण सुरू झालं. उकडलेली भेंडी मी त्या आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. काकडी, दही, मोड आलेले मूग, पुन्हा काकडी. अण्णा ताटाकडे बघून म्हणायचे, "माझं ऑपरेशन झालंय का?" रविवारी खालच्या मजल्यावरचे काका मिसळीचा रस्सा करायचे. तो काळ्या मसाल्याचा वास खिडकीतून आत आला की आमचं यंत्र लाल व्हायचं आणि आम्ही तिघं कुणी न सांगता खिडकीशी जाऊन उभे राहायचो. एकदा आईला राहवलं नाही. तिने छोटी शेगडी आणि सिलिंडर गच्चीवर चढवलं, वरणाचं पातेलं घेऊन वर गेली, तिथे लसणाची फोडणी दिली आणि तीन जिने उतरून आली. येताना तिचं तोंड उजळलं होतं. पण फोडणी तिच्या केसांत बसून आली होती. ती घरात शिरल्याबरोबर यंत्र तिच्यावर गुरगुरलं आणि तिने दुपारी तीन वाजता, ऐन थंडीत, डोक्यावरून अंघोळ केली.

थंडी ही दुसरी भानगड होती. खाली वॉचमन शेकोटी करायचा आणि धूर बरोबर आमच्या गॅलरीत यायचा. अण्णांनी त्याला स्वतःचा स्वेटर दिला. शेकोटी चालूच. मग मफलर दिला, मग कानटोपी, मग आमच्या पाहुण्यांची रजई. वॉचमन ते सगळं अंगावर घालून शेकोटीपाशी बसायचा आणि अण्णा दिसले की उठून सलाम करायचा. "साहेब, तुमच्यासारखा माणूस नाय बघितला," तो एकदा अण्णांना म्हणाला. अण्णा सकाळी फिरायला जाताना आता कुडकुडत जायचे. तरी अधूनमधून आकडा उतरायला लागला. तीन दिवस चाळीस-पंचेचाळीस, चौथ्या दिवशी एकशे साठ, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. साप-शिडीत शेवटच्या घराअलीकडचा साप असतो तसं.

अशाच एका मोडलेल्या आठवड्यानंतर मी लबाडी केली. सहाव्या दिवशीची संध्याकाळ होती, आकडा एकाहत्तर होता आणि आई मागे उभी राहून माझ्या खांद्यावरून बघत होती. मी सुभेदारांचं छोटं यंत्र फ्रिजमध्ये ठेवलं, दह्याच्या भांड्याशेजारी, दार लावलं. फ्रिजमध्ये कोण कशाला धूर करायला जाईल, हा माझा बारावीचा शास्त्रीय विचार. दहा मिनिटांनी काढलं तर आकडा नऊ! मी फोटोसाठी ते टीपॉयवर ठेवलं आणि फोन शोधेपर्यंत त्या गार यंत्राला दव धरलं. त्याने प्रत्येक थेंब धूळ म्हणून मोजला आणि फोटो निघाला तो सहाशे चाळीसचा. घाईत मी तो न बघताच पाठवला. सुभेदारांचा लगेच फोन. "बेटा, घर जल रहा है क्या? सगळे सुखरूप?" मी खरं ते सांगून टाकलं. मग ते म्हणाले, "इन्स्ट्रुमेंटला फसवायचं नाही. ते आपल्याला फसवत नाही." मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "काका, माझी आई महिनाभर उकडलेली भेंडी खातेय." ते "ओके" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र जमलं. वॉचमन रजेवर गावाला गेला, खालचे काका लग्नाला गेले, आणि आमचं घर सात दिवस गिळगिळीत मुगावर जगलं. सातव्या संध्याकाळी आकडा एकतीस होता. हिरवा दिवा बघून आई देवासमोर गेली, सवयीने तिने काडेपेटी उचलली, मग परत ठेवली आणि नुसते हात जोडले.

सुभेदार बाळाला घेऊन आले तो दिवस मला मिनिट-मिनिट आठवतो. दादाला रजा मिळाली नव्हती, तो रात्रीच्या गाडीने येणार होता. आम्ही घर पुसून, ओल्या फडक्याने पंखे पुसून, खिडक्या लावून तयार. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा अण्णांनी खास त्या दिवसासाठी नवा बसवून घेतला होता. आईने औक्षणासाठी तबक सजवलं होतं आणि निरांजनाच्या जागी सेलवर चालणारा दिवा ठेवला होता. त्याची ज्योत प्लास्टिकची होती आणि ती हलायची. सुभेदार एकटे आधी आत आले, यंत्र माझ्याकडून घेऊन त्यांनी हॉल, बेडरूम, संडासाचा दरवाजा असं सगळीकडे धरलं. तेहतीस, एकतीस, पस्तीस. "पास," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. वहिनी बाहेर जिन्याजवळ बाळाला दुपट्यात गुंडाळून उभी होती. आई प्लास्टिकच्या ज्योतीचं तबक घेऊन निघाली तेवढ्यात वहिनीच्या मागून विहीणबाई पुढे झाल्या.

विहीणबाई सिन्नरकडच्या खेड्यातल्या. सुभेदारांच्या समोर त्या फारसं बोलायच्या नाहीत, म्हणून आम्ही त्यांना विसरूनच गेलो होतो. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या. "पोरगी भाईरच थांबू द्या," त्या म्हणाल्या. "वाटंनी किती जणांनी बघितलं. दिष्ट काढल्याबगर मी हिला उंबरा वलांडू देणार नाय." सुभेदार म्हणाले, "अहो, धूर?" त्यांनी नुसतं वळून बघितलं आणि सुभेदार बाजूला झाले. तोफखान्यातला माणूस इतक्या चटकन बाजूला होताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. विहीणबाईंनी मूठ बाळावरून ओवाळली, आल्याची, गेल्याची, घरच्यांची, दारच्यांची असं पुटपुटत, आणि तरातरा आमच्या स्वयंपाकघरात जाऊन लोखंडी तवा तापवला आणि त्यावर मूठ उघडली.

आता हे सांगायला हवं की ही सुद्धा एक तपासणीच आहे. मिरच्या जळताना खाट उठली, सगळे ठसकले, तर पोराला नजर नव्हती. ठसका लागला नाही तर नजर होती, आणि ती जबर होती. आम्ही श्वास धरून उभे होतो, सुभेदार यंत्राकडे बघत होते आणि विहीणबाई आमच्या तोंडांकडे. मिरच्या काळ्या पडल्या, मोहरी तडतडली. पण वरून नवा पंखा ओढत होता आणि दाराशी मोठं यंत्र लाल होऊन जिवाच्या आकांताने गुरगुरत होतं. एक धुराची रेघ उठली आणि गडप झाली. कुणी शिंकलंसुद्धा नाही. यंत्रावर आकडा अठ्ठेचाळीस. "वा!" सुभेदार म्हणाले. "एवढ्या मिरच्या जाळल्या तरी पन्नासच्या आत!"

विहीणबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "ठसका नाय," त्या म्हणाल्या. "एक ठसका नाय. लय वंगाळ दिष्ट हाय. अन् भाईरची नाय, ह्या घरातलीच हाय." मग त्या आईकडे वळल्या. "माफ करा विहीणबाई, पण पोरगी मी हितं ठेवणार नाय." आणि त्यांनी बाहेर वहिनीला हाक मारली, "चल गं सारिका." सुभेदार आकडा दाखवत दारापर्यंत त्यांच्यामागे गेले, पण त्यांच्या बायकोला अठ्ठेचाळीसशी देणंघेणं नव्हतं. अण्णा माझ्याकडे बघायला लागले, जणू बारावीच्या विज्ञानात यावर काही उपाय असेल. नाही म्हणायला मी तोंडातल्या तोंडात खोटं खोटं खोकून बघितलं. विहीणबाई फसल्या नाहीत.

आईने हातातलं तबक बाजूला ठेवलं. तिने बाहेर डोकावून वहिनीला सांगितलं, "तू बाळाला घेऊन खालच्या जिन्यावर जा. दार ओढून घे." मग तिने स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि मागे लपवलेला पत्र्याचा डबा काढला. उतरून तिने आधी पंखा बंद केला. मग मोठ्या यंत्राजवळ गेली आणि त्याचं भिंतीवरचं बटणच बंद केलं. ते गुरगुरता गुरगुरता थांबलं. घर एकदम शांत झालं. "विहीणबाई," आई म्हणाली, "मिरच्या तुमच्या बेडगी होत्या. त्या रंगाला. त्यांनी काय ठसका लागणार?" आणि तिने फोडणी सोडल्यापासून दडवलेल्या लवंगी मिरच्यांची मूठभर आरास त्या तापल्या तव्यावर केली, वरून चमचाभर तेल सोडलं आणि मोहरी टाकली. म्हणजे खरं तर तिने फोडणीच केली.

पुढचं मला नीट दिसलं नाही. सुभेदार "गॅस! गॅस!" असं ओरडले एवढं आठवतं. अण्णा त्यांच्या रोजच्या खोकल्यात गेले आणि वर चढत राहिले. विहीणबाई ठसकत होत्या, नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि मधेच दोन्ही हात जोडून म्हणत होत्या, "नाय! दिष्ट नाय! काय नाय पोरीला!" सुभेदारांनी घाईत माझ्या हातात कोंबलेल्या यंत्राचा आकडा मी वाचू शकले नाही, पण ते सारखं किंचाळत होतं. खिडक्या उघडत, एकमेकांना धरत आम्ही पाचही जण बाहेर पडलो आणि जिना उतरून खालच्या मजल्यावर आलो. मधल्या पायरीवर वहिनी बाळाला घेऊन बसली होती. तिथे जिन्याच्या उघड्या जाळीतून गार, स्वच्छ हवा येत होती. सुभेदार डोळे पुसत म्हणाले, "बस. खतम. सारिका, चल, गाडीत बैस. हे घर फेल."

वहिनीने आजवर कुणाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. बाळंतपणापासून तर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. एकाने आकडे पाहिले, दुसरीने मिरच्या. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, खिडक्या उघड्या राहिल्या की संध्याकाळपर्यंत सगळं जाईल. खालचे काका परत आलेत, तोवर आम्ही त्यांच्याकडे बसू. मग वर जाऊ. मी राहायला आलेय." मग ती आईला म्हणाली, "आई, तुम्ही इथं बसा." आई हाताने नाही-नाही करत मागे सरली. तिच्या हातांना मिरची होती. खालच्या काकांच्या नळाला तिने तीनदा साबणाने हात धुतले, तोंड धुतलं, साडीचा धुरकट पदर कमरेत दूर खोचला, विहीणबाईंनी आपल्या अंगावरची शाल काढून तिच्या मांडीवर पसरली, आणि मग आई त्या पायरीवर मांडी घालून बसली. वहिनीने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

एवढंसं तोंड. त्यात एक जांभई. सुभेदारांनी माझ्या हातातलं किंचाळणारं यंत्र घेतलं, बंद केलं आणि खिशात टाकलं. मी आईकडे बघत होते. ती बाळाकडे वाकली नव्हती, उलट मान मागे घेऊन बसली होती. तिचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग त्याहून लाल. कपाळावरची शीर उठून आली. मी घाबरून म्हटलं, "आई, काय होतंय?" ती उत्तर देईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती श्वासच घेत नाहीये. आपल्या श्वासात मिरची असेल, धूर असेल, आपल्या घराची सगळी हवा असेल, आणि ती त्या नाजूक छातीत जाईल, म्हणून तिने तोंड-नाक मिटून घेतलं होतं. किती वेळ कोण जाणे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायलाही हात उचलत नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की मी काही करू शकले नाही.

वहिनी तिच्यासमोर एक पायरी खाली उकिडवी बसली. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, श्वास घ्या," ती म्हणाली. "तुमचा चालतो तिला."